सासुरवाडीचा टीव्ही

अकोल्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि अमरावतीत माझी सासुरवाडी. या दोन गोष्टी मी बावीस वर्षं एकमेकींपासून कटाक्षाने लांब ठेवल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्या एकत्र आल्या आणि मी मांडीवर बत्तीस इंची टीव्ही घेऊन अकोला-अमरावती असा पॅसेंजरचा प्रवास चार वेळा केला. टीव्ही गोधडीत गुंडाळलेला असायचा. दुसऱ्या फेरीत मूर्तिजापूरला चढलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "नवा घेतला काय?"

"नाई, जुनाच हाये."

"मंग कुठी नेऊन राहिले?"

"सासुरवाडीले."

त्यांनी गोधडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं. "हुंडा वापस करून राहिले काय बाप्पा?"

अख्खा डबा हसला. मीही हसलो, कारण बडनेरा अजून लांब होतं आणि मांडीवर टीव्ही असताना माणसाला तोंड फिरवून बसताही येत नाही.

माझे सासरे लाइनमन होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण चालताना अजून आधी वर तारांकडे बघतात, मग रस्त्याकडे. मी त्यांना मामाजी म्हणतो, सासूबाईंना मामी. ते मला जवाईबापू म्हणतात. आमच्याकडे जावयाला अरे-तुरे करायची पद्धत नाही, त्यामुळे मामाजी माझा अपमानसुद्धा 'तुमी' लावून, अदबीने करतात. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तुमी कधी खांबावर चढले काय?" मी नाही म्हटलं. "मंग वीज काय असते ते तुमाले कसं समजंल? डब्याच्या आत असते ते खेळनं व्हय." मुलगी दिली, पण मेकॅनिक म्हणून मला काही मान्यता दिली नाही. मुलगा मेहनती आहे, असं ते लोकांना सांगत. कशात मेहनत करतो ते सांगत नसत.

मला याचं वाईट वाटायचं, हे कबूल करतो. अकोल्यात लोक हिवरखेडहून टीव्ही बांधून माझ्याकडे घेऊन येतात आणि माझा स्वतःचा सासरा माझ्या धंद्याला खेळणं म्हणतो, हे बावीस वर्षं पचलं नव्हतं.

त्यांच्या घराचं वायरिंग त्यांनी स्वतः केलेलं आहे आणि ते पाहुण्यांना देवदर्शन घडवावं तसं दाखवतात. घरात थ्री फेज कनेक्शन. एका फेजवर पाण्याची मोटर आणि कूलर, दुसऱ्यावर पंखे आणि फ्रीज, आणि तिसरा फेज खास टीव्हीसाठी राखलेला. त्यावर टीव्ही आणि त्याच्या डिशखेरीज एकच गोष्ट, बुद्धमूर्तीपुढचा झिरोचा पिवळा बल्ब. "टीव्ही नाजूक चीज हाये. त्याले दुसऱ्या कोनाचा धक्का नाई लागला पायजे," हे त्यामागचं कारण. शिवाय हॉलच्या खिडकीखाली जमिनीत सहा फुटी सळई ठोकून घरातला न्यूट्रल तिलाही जोडलेला. फेजमधून आलेली वीज न्यूट्रलमधून परत जाते. लाइनकडचा न्यूट्रल कधी तुटलाच तर ती सळईतून जमिनीत जावी, असा तो दुहेरी बंदोबस्त. गेल्या एप्रिलमध्ये जुना मेन स्विच गरम व्हायला लागला, तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं की मी येऊन बदलून देतो. मामाजी म्हणाले, "तुमी रस खाले या."

त्याचंही एक शास्त्र आहे. सासुरवाडीला जावयाने हत्याराला हात लावायचा नाही. त्याने गादीवर बसायचं, आंब्याचा रस प्यायचा आणि झोपायचं. एकदा दाराची कडी ढिली दिसली म्हणून मी स्क्रूड्रायव्हर मागितला, तर मामींनी तो पाठीमागे लपवला. "जवाई खाली बसून स्क्रू पिळते, लोकं काय म्हनतीन?" असं त्यांचं म्हणणं. मामींच्या हिशेबात लोक म्हणजे शेजारच्या काकू. त्यांचं अर्धं आयुष्य कुंपणावरून आमच्याकडे बघण्यात गेलं आहे.

तर मे महिन्यात मी रस खायला गेलो. हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर होता आणि त्याची टाकी गळत होती. मामी दर दोन तासांनी उठून बादलीने पाणी भरत. मला ते बघवेना. दुपारी दोघं घोरायला लागल्यावर मी चोरासारखा बाहेर गेलो, दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळून लावतात ती लांबी पिशवीत होतीच, ती गळतीवर दाबून बसवली आणि परत गादीवर येऊन झोपेचं सोंग घेतलं. संध्याकाळी मामी रागावल्या, पण बादली वाचल्याचं पाहून विरघळल्या. मामाजी फक्त म्हणाले, "बरं केलं." बावीस वर्षांत माझ्या एखाद्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून आलेले हे पहिले चांगले शब्द. मी ते अकोल्यापर्यंत चघळत आलो.

आठ दिवसांनी फोन आला. टीव्ही जळला.

जळला म्हणजे फट्ट आवाज आला, वास आला आणि अंधार झाला. सोबत डिशच्या डब्याचा अडॅप्टरही गेला. आता कोणताही साधा मेकॅनिक काय करेल? घरी जाईल, जमिनीवर बसेल आणि टीव्ही उघडायच्या आधी प्लगमध्ये मीटर घालून व्होल्टेज बघेल. मी साधा मेकॅनिक नव्हतो, जावई होतो. मामींनी मला भिंतीजवळ जाऊच दिलं नाही. टीव्ही त्यांनीच काढला, त्यांनीच गोधडीत गुंडाळला आणि मला रस वाढला. "तुमी दुकानात न्या, तथी काय कराचं ते करा. अथी नोका बसू." मी टीव्ही घेऊन अकोल्याला आलो.

दुकानात माझा एक सिरीज बोर्ड आहे. शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब आणि त्याच्यामागे दुरुस्तीचा टीव्ही, असे एका ओळीत जोडायचे. टीव्हीत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो. टीव्ही ठीक असेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. असे बल्ब आता सहज मिळत नाहीत, म्हणून मी चार बल्ब कापसात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत आणि बायको म्हणते की तिचे दागिने मी इतके जपत नाही. मामाजींचा टीव्ही लावला तेव्हा बल्ब चकार शब्द बोलला नाही. फ्यूजच उडाला होता. मागचं झाकण उघडलं तर व्हीडीआर फुटून कोळसा झालेला. व्हीडीआर म्हणजे जादा व्होल्टेज आलं की स्वतः फुटून बाकीच्यांना वाचवणारी निळी टिकली. त्याच्या शेजारचा मोठा कपॅसिटर डोक्यावर फुगला होता, पॉवर आयसी चिरला होता. मला दोन मिनिटांत कळलं. मी फोन केला.

"मामाजी, घरात व्होल्टेज जास्त आलं होतं."

"कोनाच्या घरी?"

"तुमच्या."

 पलीकडून आवाज आला, "जवाईबापू, शेजारचा टीव्ही चालू हाये. त्याच्या बाजूचा चालू हाये. लाइन चांगली हाये. अन् माह्या घरचं वायरिंग म्या केलं हाये." म्हणजे विषय संपला.

मी पार्ट बदलले, टीव्ही तीन दिवस दुकानात थेट लाइनवर चालवला आणि परत नेऊन दिला. मामाजी आपल्या खुर्चीत बसले. त्यांची खुर्ची टीव्हीपासून दोन हातांवर असते. जवळून आवाज नीट येतो, असं ते म्हणत. थोडा वेळ बघून म्हणाले, "चित्र फिकं आलं."

मी ब्राइटनेस साठवरून ऐंशीवर नेला. "आता?"

"फिकंच हाये. धुपट धुपट दिसते. पह्यले असं नोतं."

मी शंभरवर नेला. मामी डोळे बारीक करून म्हणाल्या, "मले तं लई झगझग दिसते बाप्पा."

"तुले काय समजते? यायनं हलका पार्ट टाकला."

पॉवर सप्लायचा पार्ट बदलल्याने चित्र फिकं होत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जेवाले चाला."

पाचव्या दिवशी टीव्ही पुन्हा जळला. तीच टिकली, तोच कपॅसिटर, तोच आयसी. या वेळी टीव्ही आणायला गेलो तेव्हा मामाजी दारातच उभे होते. "जवाईबापू, आता तिसऱ्यांदा असं झालं तं म्या चौकातल्या मेकॅनिकले देतो. तुमाले उगा तरास नोको." हे सगळं ते इतक्या आदराने बोलले की कुंपणापलीकडच्या काकूंना वाटलं माझा सत्कारच चालला आहे.

चौकातल्या मेकॅनिकला! सासुरवाडीचा टीव्ही, जावई मेकॅनिक, आणि टीव्ही चौकात. अकोल्याला येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. घरी आलो तर बायकोने गोधडी बघितली आणि दुकानाच्या पाटीचा विषय काढला. "त्यावरचं 'खात्रीशीर' पुसून टाकू काय? म्या ओलं फडकं आनते."

"तुह्या बाबाच्या घरात दोष हाये," मी म्हटलं.

"मंग जाऊन दाखवा नं. अथी माह्यावर कायले वरडून राहिले?"

तिचं बरोबर होतं. दोन वेळा मी टीव्ही तपासला, घर एकदाही तपासलं नव्हतं. मी टीव्ही दुसऱ्यांदा उभा केला आणि एका पिशवीत खाली मीटर, टेस्टर, कटर आणि वर दोन डझन आंबे असा बंदोबस्त करून निघालो.

अमरावतीत त्या भागात नळ एक दिवसाआड येतात. मुद्दाम नळाच्या दिवशी सकाळी पोचलो, कारण दोन्ही वेळा टीव्ही नळाच्या दिवशीच जळला होता, एवढं मी बायकोकरवी फोनवर काढून घेतलं होतं. मामाजी बाहेर गेले होते. टीव्ही गोधडीसकट दिवाणावर ठेवला, आंबे मामींना दिले आणि त्या स्वयंपाकघरात वळताच मीटर टीव्हीच्या प्लगमध्ये घातलं. दोनशे पस्तीस. एकदम सभ्य व्होल्टेज. माझा चेहरा पडला.

मामी पाणी घेऊन आल्या. मी मीटर पाठीमागे लपवलं. आमच्या घरात हत्यार लपवायची आता माझी पाळी होती.

"आले बाप्पा नळ," म्हणत मामी मोटरचं बटन दाबायला गेल्या आणि तिथूनच कौतुकाने म्हणाल्या, "जवाईबापू, तुमाले एक गंमत दाखवतो. नळ आले का मूर्तीपुढचा दिवा पाहा कसा तेज होते. आठ-पंधरा दिवसापासून चाललं हाये. दोन बलप उडाले, पन तेज कमी नाई झालं."

त्यांनी बटन दाबलं. मोटर रडवेली घुरघुरली आणि मूर्तीपुढचा झिरोचा पिवळा बल्ब पांढराफेक झाला. बुद्धाचा चेहरा उजळून निघाला. मामी प्रसन्न झाल्या. मी मात्र मीटर परत प्लगमध्ये घातलं. तीनशे चाळीस, तीनशे पन्नास, आणि आकडा अजून चढत होता.

"मामी, मोटर बंद करा!"

मी जावई असून ओरडलो, म्हणून त्यांनी घाबरून बंद केली. बल्ब परत झिरोचा झाला, मीटर दोनशे पस्तीसवर आलं. मग दोष माझ्या डोळ्यांपुढे उभाच राहिला. घरातला न्यूट्रल सुटला होता. न्यूट्रल सुटलेला असताना एका फेजवर मोठा भार आला, की त्याचा दाब दुसऱ्या फेजवरच्या हलक्या वस्तूंवर येतो. भार जितका हलका तितका मार जास्त. मामाजींनी टीव्हीला मानाने एकट्याचा फेज दिला होता आणि त्या मानानेच त्याचा जीव घेतला. जावयाच्या बाबतीतही असंच होतं, असं मनात आलं, पण ते बोलायची वेळ नव्हती.

पण न्यूट्रल सुटला असेल तर दुहेरी बंदोबस्ताचं काय? सळई होती ना. आणि मे महिन्याच्या सुरुवातीला मी आलो तेव्हा तर सगळं ठीक चालू होतं.

मी खिडकीबाहेर गेलो. कूलरच्या स्टँडखाली मामींनी पुदिना लावला होता. उन्हाळाभर तो तिथे हिरवागार असतो, रसासोबतच्या जेवणात त्याची चटणी ठरलेली. आता तो वाळून तपकिरी झाला होता. मामी मागून म्हणाल्या, "तुमी कूलर चांगला केला नं, तवापासून वायला बिचारा."

मी वाळलेल्या पुदिन्याकडे बघितलं. त्याच्या मधोमध सळई. आमची काळी माती ओली असते तेव्हा वस्तूला घट्ट धरून ठेवते आणि वाळली की अशी फाटते की भेगेत हात जावा. सळईभोवती भेग पडली होती. मी मेन बंद करून सळईला बोट लावलं, तर ती दुधाच्या दातासारखी हलली.

म्हणजे लाइनकडचा न्यूट्रल आधीच कधीतरी सुटलेला होता, आणि सगळं घर त्या सळईवर चाललं होतं. सळईला ओल देत होती कूलरची गळती. ती गळती बुजवली जावयाने. मामाजींचे ते दोन शब्द, "बरं केलं," ज्या कामाला मिळाले, त्याच कामाने टीव्ही दोनदा जळला.

खात्री करायची म्हणून मेन चालू करून सळईच्या बुडाशी दोन बादल्या पाणी ओतलं आणि मामींना मोटर लावायला सांगितली. मीटर दोनशे पन्नासच्या वर गेलं नाही. कुंपणावरून काकू बघत होत्या. जावई भिंतीच्या बुडाला पाणी घालतोय, आत जाऊन टीव्हीच्या प्लगकडे बघतोय, परत येऊन पाणी घालतोय. त्यांनी मामींना विचारलं, "बरे हायेत नं जवाई?"

मला हसू आलं, आणि लगेच ते गेलं. मामी रोज त्या सळईजवळ वाकून पुदिना तोडायच्या. मोटर चालू असताना, माती वाळलेली असताना तिला हात लागला असता तर काय झालं असतं, हे मला माहीत आहे. पुदिना वाळला म्हणून त्या तिकडे फिरकल्या नाहीत, एवढंच. मी तिथल्या दगडावर बसलो.

मग मी मामींचं न ऐकता आतून स्टूल आणलं, फ्यूज काढून ठेवले आणि मामाजींनी एप्रिलमध्ये बसवलेल्या मेन स्विचचं झाकण उघडलं. न्यूट्रलची वायर स्क्रूखाली होती. स्क्रू घट्ट होता. पण तो तांब्यावर कसलेला नव्हता, वायरच्या प्लॅस्टिकवर कसलेला होता. तांब्याचं सोललेलं टोक स्क्रूच्या पलीकडे नुसतंच बाहेर आलेलं, काही दिवस जेमतेम टेकत असेल, मग तेही सुटलं.

चाळीस वर्षं खांबावर काढलेला माणूस ही चूक करत नाही. शिकाऊ माणूससुद्धा करत नाही, कारण काळं प्लॅस्टिक आणि लाल तांबं वेगळं दिसतं. ज्याला दिसतं त्याला. मला एकदम ती खुर्ची आठवली, दोन हातांवरची. फिकं चित्र आठवलं. स्टुलावर उभा असतानाच माझा सगळा राग उतरला आणि इतकं वाईट वाटलं की काय करावं सुचेना.

तेवढ्यात फाटक वाजलं. मी कटरने वायरचं टोक कापलं, तुकडा खिशात टाकला, वायर नीट सोलून स्क्रूखाली घट्ट केली आणि झाकण लावलं.

"काय चाललं?" मामाजी मागे उभे.

"दोष सापडला," मी स्टुलावरून उतरत म्हणालो. "म्या कूलरची गळती बुजवली नं, त्यानं सळईची माती वायली. सळई सुटी झाली. त्याच्यानं व्होल्टेज वाढलं."

हे खोटं नव्हतं. अर्धं होतं. मामाजींचा चेहरा असा उजळला की झिरोचा बल्बही लाजेल. "म्हन्जे तुमीच!" ते कुंपणाकडे वळले. "वहिनी, आयकलं काय? जवाईबापूनं कूलर दुरुस्त केला, म्हनून टीव्ही जळला!" काकूंनी आधीच अर्धं ओळखलं होतं. जेवताना तोच विषय. रसाच्या तिसऱ्या वाटीला मामाजींनी तो किस्सा अकोल्याला फोन करून लेकीलाही सांगितला. तिचं हसणं मला फोनबाहेर ऐकू येत होतं. माझ्या खिशात तो इंचभर तुकडा होता. खरं सांगतो, दोनदा तो ताटाशेजारी ठेवावा असं मनात आलं.

जेवण झाल्यावर मामी भांडी घेऊन आत गेल्या. मामाजी खुर्चीत बसले आणि त्यांनी माझ्यापुढे हात पसरला.

"द्या."

"काय?"

"कापलेला तुकडा. म्या फाटकात होतो तवा कटरचा आवाज आला. वायर चांगली असती तं तुमी कायले कापली असती?"

मी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेलाच नाही. अंगठ्याचं नख त्यावरून हळूहळू फिरवलं. प्लॅस्टिकवर स्क्रूचा खड्डा पडला होता, तिथे नख थांबलं. ते परत मागे गेलं, परत तिथेच थांबलं. 

"कई पासून दिसत नाई?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. उजव्यानं तं काईच नाई. डाव्यानं सगळं धुपट." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "तिले सांगू नोका. लाइनमन आंधळा झाला म्हनतीन लोकं." मग म्हणाले, "ती पुदिना तोडत होती, जवाईबापू. रोज."

 मी त्यांचे हात धरले. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मला ते करताना अवघडल्यासारखंही वाटलं नाही.

"मामाजी," मी म्हटलं, "टीव्ही दोन वेळा अकोल्याले नेला. आता तुमाले नेतो. डोयाचे चांगले डॉक्टर हायेत."

ते नाकातून हसले. "गोधडीत गुंडाळू नोका म्हन्जे झालं."

मामींना मी सांगितलं नाही. मामाजींनीच संध्याकाळी सांगितलं, आणि त्यावर मामी जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही, कारण त्यात 'तुमी' कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी त्यांनी मला हॉलमध्ये बोलावलं. भिंतीशी सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवलेला. मी खाली बसून टीव्ही लावला. काकूंना दिसावं म्हणून मामींनी खिडकीचा पडदाही बाजूला केला. त्यानंतर त्यांच्याच हुकमावरून मी कूलरच्या टाकीवरची लांबी खरवडून गळती परत सुरू करून दिली, कारण न्यूट्रल नीट झाला असला तरी पुदिना वाळलेलाच होता.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. एकाचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांनी दुसऱ्याचं. मधल्या काळात मामाजी काळा चष्मा लावून माझ्या दुकानात बसायचे आणि सिरीजचा बल्ब पेटला की नाही ते मलाच विचारून, टीव्हीत काय बिघडलं असेल ते गिऱ्हाइकाला सांगायचे. चारपैकी एकदा बरोबर यायचं. खेळणं हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

अमरावतीला परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. लेकीला नाही, मला.

"जवाईबापू, टीव्हीचा उजेड लई झाला. डोये दिपते माहे. येऊन कमी करून द्या."

"मामाजी, थे रिमोटनं होते. मामीले सांगा, करून देतीन."

"तिले कायले सांगू?" ते म्हणाले. "मेकॅनिक तुमी हा, का ती?"

रविवारी मी पहिल्या गाडीने गेलो, मांडीवर काहीही न घेता. मामाजींनी आपली खुर्ची पार मागे, समोरच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मी रिमोट घेऊन ब्राइटनेस शंभरवरून ऐंशीवर आणला, ऐंशीवरून साठवर. ते तिकडून, इतक्या लांबून, बघत होते.

"झालं," ते म्हणाले. "आता पह्यल्यासारखं दिसते."